फॉर्मवर मी बहुतेक सगळीकडे ‘कधीच नाही’ लिहिलं

ताई, माझं वय ४७, उंची पाच फूट एक इंच. आठ महिन्यांपूर्वी वजन ९२ किलो होतं, आता ८६ आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी शाळेत शिकवते.

मागच्या महिन्यात आहारतज्ज्ञ बाईंनी मला एक फॉर्म भरायला दिला. ३१ वाक्यं होती. वजनामुळे वाकायला त्रास होतो का, जिना चढताना, खुर्चीत बसताना, लोक बघतात तेव्हा, कामावर काय होतं, असं सगळं. चार वाक्यं तर नवरा-बायकोच्या खासगी गोष्टींवर होती. हे शेजारीच बसून वाचत होते. मी बहुतेक सगळीकडे ‘कधीच नाही’वर खूण केली. बाईंनी गुण काढले, १०० पैकी ९४. म्हणाल्या, ‘छान, वजनामुळे तुमचं फारसं अडलेलं दिसत नाही.’ घरी येऊन मी नळ सोडून रडले.

खरं असं आहे की दुसऱ्या मजल्यावर दम खाल्ल्याशिवाय मी घरी पोचत नाही. नवरात्रात गेली चार वर्षं मी गरब्याच्या मैदानाच्या कडेला सगळ्यांच्या पर्सा सांभाळत बसते. हळदीकुंकवाला जमिनीवर बसायचं असेल तर डोकं दुखतंय म्हणून जातच नाही. फळ्यावर लिहिताना मुलांकडे पाठ करायची लाज वाटते. शेजारच्या बेन भेटल्या की पहिलं वाक्य, ‘वजन वधी गयुं छे, बेन’, म्हणजे वजन वाढलंय. सासूबाई म्हणतात, आठ महिन्यांत सहा किलो, याला काय कमी होणं म्हणायचं?

खोटं लिहिलं हे सांगू का? आणि असं मनातलं आकड्यात मोजता तरी येतं का?

— एक शिक्षिका, बडोदे

प्रिय मैत्रिणी,

हो, सांगा. पुढच्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात सांगा. फोनवर एवढंच म्हणा, ‘त्या दिवशी फॉर्म भरताना सोबत माणूस होता, मला मोकळेपणानं उत्तरं देता आली नाहीत. मला तो पुन्हा, एकटीनं बसून भरायचा आहे.’ यापेक्षा जास्त खुलासा तुम्ही कुणालाही देणं लागत नाही. ऐकणाऱ्या बाई समजूतदार असतील तर त्यांना उलट बरंच वाटेल, कारण चुकीच्या आकड्यावर त्यांचं पुढचं सगळं काम उभं राहणार होतं.

तुम्ही पत्रात ‘खोटं’ हा शब्द वापरला आहे. मी तो वापरणार नाही. वजन, शरीर आणि शेज यांवरचे प्रश्न नवऱ्याच्या डोळ्यांसमोर सोडवायला लावले तर आपल्याकडची दहातली एक तरी बाई खरी खूण करेल का, याची मला शंका आहे. त्यांचा हेतू वाईट नव्हता, तुम्हाला सोबत म्हणून ते आले होते, हे मी धरून चालते. पण हा फॉर्म ज्याचा त्यानं, एकांतात, डॉक्टरांशी बोलणं होण्याआधी भरायचा असतो. थर्मामीटर कपड्यांवरून लावला तर ताप उतरला असं ठरत नाही. तुमच्या ९४ गुणांचं तेच झालं आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, आणि त्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण तो प्रश्न फार मोलाचा आहे.

तुमच्या वर्णनावरून हा फॉर्म ‘आयडब्ल्यूक्यूओएल-लाइट’ असावा. वजनाचा आयुष्याच्या गुणवत्तेवर काय परिणाम होतो ते विचारणारी ही प्रश्नावली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाशी संबंधित मानसशास्त्रज्ञ रोनेट कोलोटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. पहिलं, लांबलचक रूप १९९५ मध्ये छापून आलं. त्यात ७४ प्रश्न होते. तेवढे प्रश्न दवाखान्यात कोण भरणार? म्हणून २००१ मध्ये त्याचं ३१ प्रश्नांचं आटोपशीर रूप आलं. पाच भाग आहेत : शरीराची हालचाल (११ प्रश्न), स्वतःबद्दल काय वाटतं (७), लैंगिक आयुष्य (४), चारचौघांत होणारा त्रास (५) आणि काम (४). उत्तर गेल्या आठवड्यापुरतं द्यायचं. गुण ० ते १००, आणि १०० म्हणजे वजनाचा काही जाच नाही.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. हे प्रश्न कुणा डॉक्टरनं टेबलाशी बसून रचलेले नाहीत. तिथल्या वजन कमी करण्याच्या केंद्रात येणाऱ्या माणसांना विचारलं गेलं, की बाबांनो, वजनामुळे तुमच्या रोजच्या जगण्यात काय काय होतं ते सांगा. त्यांनी जे सांगितलं त्यातून प्रश्न झाले. म्हणजे खुर्ची मोडेल का या भीतीबद्दलचा जो प्रश्न वाचून तुमच्या पोटात गोळा आला, तो आधी कुणीतरी स्वतः जगलेला आहे. त्या कागदावर तुम्ही एकट्या नव्हता.

त्याआधीही आयुष्याची गुणवत्ता विचारणाऱ्या प्रश्नावल्या होत्याच. १९९० च्या दशकापासून जगभर वापरली जाणारी ‘एसएफ-३६’ दुखणं, थकवा, जिने, मनःस्थिती, लोकांत मिसळणं असं सगळं विचारते, पण कुठल्याही आजारासाठी तीच. कॅन्सरच्या रुग्णालाही तेच ३६ प्रश्न आणि तुम्हालाही तेच. तिचा फायदा हा की वेगवेगळ्या आजारांची तुलना करता येते. पण अंगात न बसणारं ब्लाउज, बसमध्ये शेजारच्यानं आवरून घेतलेलं अंग, ‘बेन’ म्हणून सुरू होणारी चौकशी तिला दिसत नाही. म्हणून वजनापुरते वेगळे प्रश्न लागले.

मग मनातलं मोजता येतं का? सगळं येत नाही. त्या दिवशी नळ सोडून तुम्ही का रडलात ते कुठल्याच रकान्यात मावणार नाही. पण वाकता येतं का, बसता येतं का, लोकांत जायचं टाळता का, स्वतःकडे आरशात बघता का, एवढं विचारता येतं. तेच माणूस तेच प्रश्न सहा महिन्यांनी पुन्हा सोडवतं तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या उत्तरातला फरक खरा असतो. हे मोजमाप तुमची शेजारणीशी तुलना करायला नाहीच. ते तुमची तुमच्याशी तुलना करतं.

आणि म्हणूनच त्या ९४ ची मला काळजी वाटते. या प्रश्नावलीत साधारण ८ ते १२ गुणांची वाढ झाली तर ती माणसाला स्वतःला जाणवण्याइतकी मानतात. सुरुवात किती गुणांवर आहे त्यानुसार हा आकडा थोडा बदलतो. तुमच्या पुढे उरले आहेत सहा गुण. उद्या तुम्ही तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढलात, हळदीकुंकवाला जमिनीवर बसून उठलात, तरी कागदावर ते दिसायला जागाच नाही. उलट काही बिघडलं तर आधी सगळं उत्तम होतं असा निष्कर्ष निघेल. शिवाय ९४ गुण बघून कोणीही तुमच्या गुडघ्यांबद्दल, झोपेबद्दल, मनाबद्दल पुढचा प्रश्न विचारणार नाही. आत्ता तेच झालं आहे.

खासगी चार प्रश्नांबद्दल. ते तिथे उगाच घातलेले नाहीत. वजनामुळे नवरा-बायकोच्या जवळिकीत अडचण येणं फार सर्रास आहे, आणि त्याबद्दल बोलणं फार दुर्मीळ. एकटीनं भरतानाही तिथे लिहायला मन धजत नसेल तर ते रिकामे सोडा. मोजके प्रश्न कोरे राहिले तरी बाकीच्या भागांचे गुण काढता येतात. कोरी जागा प्रामाणिक असते, ‘कधीच नाही’ मात्र दिशाभूल करतं. जमलं तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे एकदा तेवढाच विषय काढा. ४७ व्या वर्षी पाळी जाण्याच्या सुमारास होणारे बदलही त्यात मिसळलेले असू शकतात, आणि त्यावर उपाय असतात.

ह्यांना काय सांगायचं? सरळ सांगा, ‘तुम्ही या, पण बाहेर बसा.’ प्रेमाच्या माणसालाही दुसऱ्याच्या आतलं बरोबर सांगता येत नाही, हे या क्षेत्रात चांगलं माहीत आहे. मुलांसाठी याच प्रश्नावलीचं २७ प्रश्नांचं वेगळं रूप आहे. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना आणि मुलाला निरनिराळं विचारलं तर उत्तरं बऱ्याचदा जुळत नाहीत. पुष्कळदा आई-वडिलांना मुलाचं आयुष्य मुलाला वाटतं त्याहून जास्त खडतर वाटत असतं. ज्यांनी जन्म दिला त्यांचं हे, तर बाकीच्यांचं काय! तेव्हा ह्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

आता आकड्यांचंच बोलत आहोत तर त्या दुसऱ्या आकड्याबद्दल, ज्यानं तुमच्या घरात राज्य मांडलं आहे. वजनकाटा. तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, आठ महिन्यांपूर्वी ३८ च्या थोडा वर होता, आता ३६ च्या किंचित खाली आहे. हे सूत्र बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांचं, एकोणिसाव्या शतकातलं. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते, हजारो लोकांच्या मापांतून ‘सरासरी माणूस’ शोधत होते. एका बाईच्या तब्येतीचा निवाडा करायला ते सूत्र रचलेलंच नव्हतं. आजचं नाव त्याला १९७२ मध्ये अँसल कीज यांनी दिलं, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी सोयीचं म्हणून. ते निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. आपल्या लोकांत कमी वजनावरच मधुमेह आणि हृदयविकार गाठतो, म्हणून भारतात २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. बायकांनी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावी असं सांगतात. इतपत सावध करायला तो आकडा ठीक आहे. पण ३६ चा इंडेक्स असलेली एक बाई रोज कमाटीबागेला दोन फेऱ्या मारते आणि तेवढाच इंडेक्स असलेली दुसरी चपलेचा पट्टा लावायला मुलीला हाक मारते. काट्याला दोघी सारख्याच.

डॉक्टर मंडळींनाही हे आता उघडपणे पटू लागलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं लठ्ठपणाचं निदान नुसत्या इंडेक्सवर करू नये असं सांगितलं. अवयवांच्या कामावर परिणाम झाला आहे का, किंवा चालणं-फिरणं, अंघोळ, कपडे घालणं अशा रोजच्या गोष्टींत अडथळा येतो का, ते बघून लठ्ठपणाला आजार म्हणायचं की धोक्याची सूचना, ते ठरवा असं त्यांचं म्हणणं. त्याच महिन्यात आपल्या देशातल्या तज्ज्ञांनीही नवी मांडणी केली, दोन टप्प्यांची. वजन जास्त आहे पण अवयवांवर आणि रोजच्या हालचालींवर परिणाम नाही तो पहिला टप्पा. पोटाचा घेर वाढलेला आहे आणि सोबत हालचालींत अडचण किंवा वजनाशी जोडलेला आजार आहे, तो दुसरा. म्हणजे ‘दुसऱ्या मजल्यावर दम खावा लागतो’ हे तुमचं वाक्य रडगाणं नाही, ती वैद्यकीय माहिती आहे. तुमचा टप्पा ठरवताना ते मोजलं जायला हवं. तुम्ही ते लपवलंत तर डॉक्टरांसमोर अर्धाच रुग्ण बसला.

सासूबाईंच्या सहा किलोंकडे येऊ. ९२ मधले ६ म्हणजे साडेसहा टक्के. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यात जीवनशैली बदलणाऱ्या गटापुढे उद्दिष्ट ठेवलं होतं सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याचं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुम्ही त्या सात टक्क्यांच्या दारात उभ्या आहात. गुडघ्यांचं गणित तर आणखी सोपं. गुडघ्याची झीज झालेल्या, वजन जास्त असलेल्या लोकांवरच्या २००५ च्या अभ्यासात दिसलं, की एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. तुमचे सहा किलो म्हणजे प्रत्येक पावलाला चोवीस किलो. तीन मजल्यांच्या पायऱ्या मोजा आणि सासूबाईंना हा हिशोब शांतपणे सांगा. त्यांना खिजवायला नको. त्यांच्या पिढीनं वजन म्हणजे दिसणं एवढंच बघितलं, त्यांना दुसरं माप कुणी दाखवलंच नाही.

खरं सांगायचं तर पुढचा भाग सोपा नाही. वजन उतरतं तेव्हा शरीराच्या बाजूचे गुण आधी आणि खात्रीनं वर जातात. चालणं, वाकणं, दुखणं यांत फरक पडतो. मनाच्या बाजूचे गुण तितक्या भरवशानं वर जात नाहीत, अनेक अभ्यासांत असंच दिसलं आहे. तेवढ्याच वजनाच्या पुरुषांपेक्षा बायकांना स्वतःबद्दल जास्त कमीपणा वाटतो, हेही वारंवार आढळलं आहे. आणि टोमण्यांनी कुणी बारीक होत नाही. टोमणे खाणारा माणूस जास्त खातो, व्यायामाला बाहेर पडायचं टाळतो, डॉक्टरांकडे जायचं टाळतो, हेही संशोधनात दिसलं आहे. तुम्ही हळदीकुंकवाला जात नाही त्यामागे गुडघा किती आणि बायकांच्या नजरा किती, हे तुम्हीच स्वतःला विचारा. पहिल्यावर औषध आणि व्यायाम आहे. दुसऱ्यावर तुम्हाला आणि तुमच्या भोवतीच्या माणसांना मिळून काम करावं लागेल. शेजारच्या बेनला एकदा हसून पण ठामपणे सांगा, ‘बेन, वजन सोडून दुसरं काही बोलू या.’ गुजरातीत सांगा, तुम्हाला माझ्यापेक्षा छान जमेल.

स्वीडनमधल्या एका जुन्या आणि फार मोठ्या अभ्यासातली एक गोष्टही आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे निराश होणार नाही. वजनाच्या शस्त्रक्रिया झालेल्यांच्या आयुष्याची गुणवत्ता त्यांनी दहा वर्षं मोजली. पहिल्या वर्षी ती झपाट्यानं सुधारली, मग थोडं वजन परत आलं तशी थोडी उतरली, आणि पुढे स्थिरावली. साधारण दहा टक्के उतरलेलं वजन टिकवलं तरी आयुष्य सुधारलेलं राहतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. तुमच्यासाठी दहा टक्के म्हणजे नऊ किलो. ५५ किलोंची बाई व्हायची गरज नाही, मनातून ते काढून टाका.

पण मला मघापासून तुमच्या पत्रातलं एक वाक्य सोडत नाही, पर्सा सांभाळण्याचं. बडोद्यात राहून नवरात्रात फेऱ्यात न उतरणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. नऊ रात्री सगळं गाव फिरत असतं, आपली मराठी घरंसुद्धा. आणि तो प्रश्न त्या ३१ मध्ये नाही. असणारही नाही. तिथे ज्या गोष्टी विचारतात त्या तिथल्या लोकांच्या आयुष्यातून आल्या. जागतिक आरोग्य संघटना आयुष्याच्या गुणवत्तेची जी व्याख्या करते तिच्यात म्हटलं आहे की माणूस ज्या संस्कृतीत आणि मूल्यांत जगतो त्यांच्या संदर्भात, आणि त्याच्या स्वतःच्या अपेक्षांच्या संदर्भात, त्याला आपलं आयुष्य कसं वाटतं ते महत्त्वाचं. त्यांच्या २६ प्रश्नांच्या प्रश्नावलीचं हिंदी रूप दिल्लीत तयार झालं ते याच कारणानं. पण गरबा त्यातही नाही.

म्हणून आहारतज्ज्ञांचा फॉर्म भरून झाला की एक कागद स्वतःचा करा. आयर्लंडमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात एक पद्धत काढली, तिच्यात प्रश्न आधी ठरलेले नसतात. ज्याचं आयुष्य त्यानंच आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या पाच गोष्टी सांगायच्या, आज त्या कशा चालल्या आहेत ते सांगायचं, आणि त्यांत कुठली जास्त मोलाची तेही. तुमच्या पाच गोष्टी मी ठरवणार नाही, पण पत्रातून मला काही दिसतात. न थांबता किती जिने. जमिनीवर बसून कुणाच्या हाताशिवाय उठणं, कारण आपल्या घरांत पूजा, पंगत, हळदीकुंकू सगळं जमिनीवरच होतं आणि अमेरिकन प्रश्नावलीला फक्त खुर्ची ठाऊक आहे. फळ्याकडे वळून बिनधास्त लिहिणं. शेअर रिक्षात बसताना न आक्रसणं. गरबा. कदाचित पावागडच्या पायऱ्या, दरवेळी रोपवेनंच जात असाल तर. कदाचित नवऱ्याबरोबरची जवळीक, ती फक्त तुमच्या वहीत.

प्रत्येकीपुढे ० ते १० मधला आजचा आकडा लिहा. रोज लिहू नका, रोजच्या चढउतारानं जीव टांगणीला लागतो. महिन्यातून एकदा, ठरावीक तारखेला पुरे. गरब्याचं तर मोजायलाही सोपं आहे. नवरात्रापर्यंत थांबू नका, घरात गाणं लावा आणि साध्या दोन टाळीच्या चालीवर किती वेळ फिरता येतं ते घड्याळात बघा. तीन मिनिटं तर तीन. गुडघा सुजला किंवा छातीत भरून आलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. नुसतं दमायला झालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. मैदानातही सगळे तास फिरायलाच हवं असं कुठे आहे? बाहेरच्या मोठ्या फेऱ्यात एक गरबा, मग बसणं, मग पुन्हा एक. पर्सा त्या वेळी दुसऱ्या कुणाकडे द्यायच्या, हे मात्र घरात आधी ठरवून घ्या.

आहारतज्ज्ञांना आणि डॉक्टरांना आणखी काही गोष्टी सांगायच्या राहिल्या असतील तर याच वेळी सांगा. रात्री मोठं घोरणं, झोपेत श्वास अडकल्यासारखं होऊन जाग येणं, दिवसा वर्गात पेंग येणं. वजन आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या माणसात हे झोपेतल्या श्वासाच्या विकाराचं लक्षण असू शकतं, तपासणी करून घेणं फार आवश्यक आहे. आणि रडू सारखं येत असेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, तर ते वजनाच्या खात्यात न टाकता वेगळं सांगा. मन मोकळं करायला कुणीच नसेल त्या क्षणी सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. जीव नकोसा वाटला तर क्षणभरही थांबू नका, तिथे फोन करा आणि घरच्यांना उठवा.

वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या वयाच्या बऱ्याच जणी विचारतात म्हणून दोन वाक्यं. ती घ्यायची की नाही ते तुमच्या रक्तदाबाचा, पोटाचा, आधीच्या आजारांचा विचार करून डॉक्टर ठरवतील, मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. मात्र लक्षात घ्या, सेमाग्लुटाइड या अशाच एका औषधाच्या मोठ्या चाचण्यांतसुद्धा किती किलो उतरले एवढंच विचारलं नाही. याच प्रश्नावलीचं २० प्रश्नांचं नवं रूप वापरून लोकांचं चालणं-वागणं किती सुधारलं तेही मोजलं. म्हणजे तुम्ही ज्या कागदाला घाबरलात, त्याच्याच पुढच्या आवृत्तीवर औषधांची परीक्षा होते.

फॉर्म पुन्हा भराल तेव्हा चष्मा न्या, घाई करू नका, आणि प्रत्येक वाक्य वाचून गेला आठवडा आठवा. चांगला दिवस आठवू नका, वाईटातला वाईटही नको, आठवडा. एखादं वाक्य समजलं नाही तर अंदाजानं खूण न करता विचारा. गुण कमी आले तर बाईंना विचारा, ‘पाचांपैकी कुठल्या भागात सगळ्यात कमी?’ तिथून पुढचं बोलणं सुरू करा. हालचालीत कमी असेल तर गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवायला सांगा. मांडीच्या स्नायूंना बळ आलं की जिना आणि जमिनीवरून उठणं दोन्ही हलकं होतं, वजन तितकंच असलं तरी. स्वतःबद्दलच्या भागात कमी असेल तर समुपदेशकाचं नाव मागा. दोन्हींत कमी असेल तर दोन्ही मागा, संकोच करू नका. कागदावर तारीख घालून एक प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि सहा महिन्यांनी तोच फॉर्म पुन्हा द्यायला त्यांना आत्ताच सांगून ठेवा. त्या वेळचे आकडे मला नक्की कळवा, वजन नाही लिहिलंत तरी चालेल.